'सो' आणि 'साहेब'च्या मधे अडकलेला हप्ता

आमच्या कोल्हापूरकडं नावातला 'साहेब' कुणी पुरता म्हणत नाही. बाबासाहेबाचा बाबासो होतो, आप्पासाहेबाचा आप्पासो. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाचंही तेच. सातबाऱ्यावर 'साहेब', आधार कार्डावर 'सो'.

२६ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या दुसऱ्या दिवशी, अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दोन हजार रुपये एप्रिलच्या सुरुवातीलाच ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात जातील. टीव्हीवर त्याला कोरोनाची मदत म्हणत होते. खरं तर वर्षाचे ६,००० मिळायचेच होते, त्यातलाच हा हप्ता, फक्त लवकर. पण तेव्हा 'लवकर'ला किंमत होती. मार्केटला गाडी जाईना, कोबीचे गड्डे रानातच फुटायला लागलेले, आणि आदल्या ऑगस्टच्या महापुरात बुडालेल्या उसाचा घाटा अजून भरून निघाला नव्हता.

शेजारच्या काकांच्या मोबाइलवर मेसेज आला. आमचा येईना. आबा रोज विचारायचे, "आलं का रं?"

गावातलं सेवा केंद्र बंद. म्हणून मीच मोबाइलवर योजनेचं पोर्टल उघडलं. दिवसा ते उघडतच नव्हतं. पहाटे पाचला उघडलं. 'फार्मर कॉर्नर'मध्ये आधार नंबर टाकला, तर आधीचे तीन हप्ते जमा झालेले दिसले आणि पुढं सगळं कोरं. म्हणजे डिसेंबर ते मार्चचा हप्तासुद्धा आलाच नव्हता, आणि घरात कुणाच्या ध्यानातही नव्हतं! १ डिसेंबर २०१९ पासूनच्या हप्त्यांना आधार पडताळणी सक्तीची झाली, तिथंच 'सो' आणि 'साहेब'ची गाठ पडली होती.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तीन येळा मीच हुतो, आन् चौथ्या येळी न्हाई व्हय?"

याला उत्तर नव्हतं.

आधारप्रमाणे नावाची दुरुस्ती तेव्हा पोर्टलवरच करता यायची. तिथं इंग्रजीतलं नाव आधारवर आहे तसंच्या तसं टाकायचं. पहिल्यांदा मी आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा घातला, ते परत फिरलं. दुसऱ्यांदा कार्ड समोर धरून एकेक अक्षर टिपलं. ते मंजूर व्हायला महिना गेला. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्यावर आधार, आठ-अ आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन तालुक्याला गेलो. कचेरीत पहिल्या दिवशी "साहेब मीटिंगला" असं उत्तर मिळालं. (तिथं मात्र 'साहेब' पुरता म्हणतात.) दुसऱ्या फेरीला मास्क नाकाखाली घेतलेल्या एका क्लार्कनं कॉम्प्युटरवर यादी उघडली, नाव शोधलं आणि म्हणाला, "आधार जुळतंय आता. पुढं पाठवतो." आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं लागली असतील.

जुलैत एकाच आठवड्यात दोन हप्ते आले, चार हजार. कोबीवर तोवर रोटर फिरवून झाला होता. पैसे खोडव्याच्या उसाच्या युरियाला गेले. ९ ऑगस्टला सहावा हप्ता सुटला, तो मात्र न विचारता जमा झाला.

परवा पासबुक भरून आणलं. त्याच्या पहिल्या पानावर आबांचं नाव तिसऱ्याच तऱ्हेनं आहे: 'साब'. मी ते पान आबांना दाखवलेलं नाही.