हिशेबात न धरलेली भाषा

पदव्युत्तर प्रवेशांसाठी सल्ला देताना मी प्रत्येक प्रवेशपत्रासाठी एकच तक्ता भरतो: फी, राहण्याचा खर्च, विद्यावेतन, कर्जाचा हप्ता आणि शिकण्याच्या काळात बुडालेला पगार. हा शेवटचा रकाना बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही.

त्या दिवशी तुलनात्मक साहित्याच्या, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतले साहित्य एकत्र अभ्यासण्याच्या, एम.ए.ची दोन प्रवेशपत्रे घेऊन एक विद्यार्थिनी वडिलांसह आली. पहिला विभाग नावाजलेला, पण सगळा खर्च पदरचा. दुसऱ्याचे फारसे नाव नाही, मात्र तेथे पूर्ण फीमाफी होती आणि शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात विद्यावेतनही. वीस मिनिटांत मी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. केवळ क्रमवारी पाहून शिफारस करणाऱ्या सहकाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही. अध्यापन, भाषांतर आणि संपादनातल्या पहिल्या नोकऱ्या बहुधा बेताच्या पगाराच्या असतात आणि मोठ्या हप्त्यापायी माणसाला तीच क्षेत्रे सोडावी लागतात.

तेवढ्यात वडिलांनी विचारले, “सर, सगळे भाषांतरात वाचायला मिळते, मग मूळ भाषेसाठी एवढा खटाटोप कशाला?” प्रश्न रास्त होता. जानेवारी १८२७ मध्ये जर्मन कवी गटे आपला सहायक एकरमान याच्याशी जागतिक साहित्याच्या युगाबद्दल बोलला, तेव्हा तोही चिनी कादंबरी भाषांतरातूनच वाचत होता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असताना मुलीने आपली वही पुढे सरकवली.

पानावर एकच अरबी ओळ होती आणि तिच्याखाली मराठीतले पाच प्रयत्न, त्यांतले चार खोडलेले. अडचण ‘बैत’ या शब्दाची होती: बैत म्हणजे घर आणि बैत म्हणजे कवितेची ओळसुद्धा. त्या ओळीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला ‘मिस्रा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ दाराची एक फळी असाही होतो. तिने ‘ओवी’ खोडून ‘चरण’ लिहिले होते, तेही खोडले होते आणि समासात पेन्सिलीने टिपले होते: “घरात राहता येते, चरणात येईल का?”

मी दुसऱ्या विभागाचा अभ्यासक्रम पुन्हा उघडला. तेथे अरबी फक्त प्राथमिक पातळीपर्यंत होती, आणि ही मुलगी ती भाषा तीन वर्षे शिकलेली. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात इंग्रजी भाषकांना स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० वर्गतास धरतात, तर अरबीसाठी सुमारे २२००. माझ्या तक्त्यात या तासांना रकानाच नव्हता. विभागही फीचे आकडे ठळक छापतात आणि कोणती भाषा कुठवर शिकता येईल हे आतल्या पानांत घालतात, याचा मला मनस्वी राग येतो.

मी कौल मागे घेतला आणि दुसऱ्या विभागाला लेखी विचारायला सांगितले: अरबी वाचणारा मार्गदर्शक आहे का, अन्य संस्थेत अरबी शिकून मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) धरले जातील का, शिकवण्याचे काम आठवड्याला किती तास असेल? मार्गदर्शक नव्हता, श्रेयांक मात्र धरले जाणार होते. वडिलांनी पुन्हा येऊन विचारले, “तुमची मुलगी असती तर?” मी दुसराच विभाग सांगितला, पण पहिल्या दिवशीच्या ठामपणाने नव्हे.

ती तिथेच गेली. परवा तिचे पत्र आले: शिकवण्याचे तास ठरल्यापेक्षा वाढले आहेत आणि अरबीचे रोज एक पान वाचण्याचा नेम आठवड्यातून तीनदा मोडतो. कर्ज मात्र नाही. तिच्या वहीतल्या त्या पानाची प्रत अजून माझ्याकडे आहे, आणि तिला मी काय उत्तर लिहावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.