पहिल्या पिढीच्या कॅमारोचं वायरिंग: नवा हार्नेस, जुने सांधे

१९६७ ते १९६९ मधल्या शेवर्ले कॅमारोचा डॅश उघडला की मूळ वायरिंग कमी आणि मालकांनी वेळोवेळी केलेली भर जास्त दिसते. पीव्हीसीचं आवरण वाकवलं की तडकतं. स्टिरिओसाठी कुणीतरी फ्यूज बॉक्सच्या मागून वायर ओढलेली असते, निळ्या चिमटीच्या कनेक्टरने इंजिनाच्या पंख्याला करंट दिलेला असतो, आणि टेप उकलली तर आत नुसतीच पिळलेली तार निघते. अशा गाडीत एकेक दोष शोधत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचा बांधलेला जुडगा, बदललेला बरा. मात्र नवा हार्नेस घातल्यावर जे बिघाड येतात, त्यांतले बहुतेक नव्या तारेत नसतात. नवी तार जिथे जुन्या स्विचला, जुन्या मीटरला किंवा जुन्या पत्र्याला भेटते, तिथे ते येतात. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या सांध्यांबद्दल आहे.

किट तीन प्रकारची मिळतात. एक हुबेहूब मूळ हार्नेस: तेच रंग, तेच कनेक्टर, काचेचे फ्यूज. गाडी प्रदर्शनासाठी असेल आणि एसी, इंधन इंजेक्शन, इलेक्ट्रिक पंखा यांतलं काही घालायचं नसेल, तर हाच घ्या; जोडून मोकळं होता येतं. दुसरा प्रकार त्याच मॉडेलसाठी सुधारून बनवलेला. अमेरिकन ऑटोवायर, पेनलेस यांच्यासारख्या कंपन्यांचे असे संच मिळतात. यात पात्यांचे फ्यूज असतात, नव्या अल्टरनेटरची सोय असते, फ्यूज बॉक्स फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, मूळ जागी बसतो. पण तारांची बरीच टोकं मोकळी असतात आणि टर्मिनल तुम्हाला दाबावे लागतात. तिसरा प्रकार कुठल्याही गाडीला चालणारा बारा किंवा एकवीस सर्किटांचा संच. स्वस्त पडतो, पण प्रत्येक कनेक्टर तुम्हालाच जमवावा लागतो. रस्त्यावर चालवायच्या कॅमारोला दुसरा प्रकार योग्य. घेताना वर्ष नीट सांगा. १९६७-६८ मध्ये इग्निशन स्विच डॅशमध्ये आहे, १९६९ मध्ये तो स्टिअरिंग कॉलमवर गेला. त्यामुळे ६८ चा संच ६९ ला लागत नाही. कॉलम कुणी बदललेला असेल तर इंडिकेटर स्विचचा कनेक्टर आधी तपासा.

तारेचं आवरण क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलिनचं आहे ना, हेही पाहा. ते १२५ अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. साधं पीव्हीसी ८० च्या आसपास मऊ पडू लागतं. एक्झॉस्ट हेडर (धुराचे तापणारे पाइप) लावलेल्या व्ही-८ इंजिनाजवळ हा फरक लगेच कळतो.

जुना हार्नेस कापून काढू नका. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या, कागदी टेपवर नाव लिहून गुंडाळा आणि पूर्ण हार्नेस अखंड बाहेर काढा. तो जमिनीवर पसरला की नव्या हार्नेसचा नकाशा तयार होतो: कुठली शाखा कुठे फुटते, कुठून किती लांब जाते. पुढच्या सीट काढून ठेवा. डॅशखाली पाठीवर झोपून करायचं हे काम आहे, आणि सीटची कड बरगडीत रुतत असताना कोणाचीच क्रिंप, म्हणजे टर्मिनलची दाबणी, नीट होत नाही.

हेडलाइट स्विच काढताना अनेकजण दांडी मोडतात. नॉब पूर्ण बाहेर ओढा, स्विचच्या अंगावर स्प्रिंगचं एक छोटं बटण आहे ते दाबून धरा, दांडी आपोआप सुटून येते.

नवा हार्नेस बसवताना फ्यूज बॉक्सपासून सुरुवात करा. मग डॅश, मग ड्रायव्हरच्या बाजूच्या उंबऱ्याखालून मागे डिकीपर्यंत जाणारी शाखा, नंतर इंजिन, शेवटी पुढचे दिवे. सगळं जागेवर ठेवून, सैल बांधून होईपर्यंत एकही तार कापायची नाही. कापताना प्रत्येक टोकाला साधारण १५ सेंटीमीटर जास्त ठेवा. कमी पडलेली तार जोडावी लागते आणि नव्या हार्नेसमध्ये तुम्ही स्वतःच पहिला जुना सांधा तयार करता.

टर्मिनल उघड्या पंखांचे असतात. त्यांना आतल्या बाजूने दोन्ही पंख वळवून तारेत रुतवणारी पक्कड लागते. लाल-निळ्या प्लास्टिक थिंबलची पक्कड इथे चालत नाही, ती पंख नुसते चेपते. आवरण ५-६ मिलिमीटर सोला. पुढचे पंख उघड्या तांब्यावर, मागचे आवरणावर यायला हवेत. मग हाताने जोरात ओढून पाहा. वरून डाग देण्याचा मोह आवरा: कथील तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते.

आता सांधे.

अल्टरनेटर. मूळ गाडीत रेग्युलेटर, म्हणजे आपल्याकडचा कटआउट, वेगळा असतो. सुधारित संच गृहीत धरतात की तुम्ही आत रेग्युलेटर असलेला १०-एसआय किंवा त्याच्यासारखा अल्टरनेटर लावणार. मग जुना कटआउट काढून टाकायचा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. १०-एसआयला जाड तारेच्या बोल्टाशिवाय दोन पिना आहेत. पिन २ व्होल्टेज मोजते, तिला बॅटरीकडचा करंट कायम हवा. पिन १ इग्निशनकडून, चार्जिंगच्या बल्बमधून, येते. तो बल्ब टाळून पिन १ थेट इग्निशनला जोडली तर किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, कारण अल्टरनेटर त्याच तारेतून कॉइलला उलटा करंट पुरवतो. बल्ब नसलेल्या, मीटरवाल्या गाडीत त्याच्या जागी १० ओमचा रेझिस्टर घाला, २५ वॅटचा घेतला की तापण्याची काळजी नाही. एका तारेचा अल्टरनेटर सोपा वाटतो, पण तो रेस दिल्याशिवाय जागा होत नाही आणि स्वतःच्याच बोल्टवरचं व्होल्टेज मोजतो, त्यामुळे पुढे तारेत किती घट झाली हे त्याला कळत नाही. १०० अँपिअरच्या अल्टरनेटरला ६ गेजची तार (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) आणि वाटेत मोठा फ्यूज लावा. मूळ १० गेजची तार तशीच ठेवून नुसता अल्टरनेटर वाढवणं धोक्याचं आहे.

अँपिअर मीटर. जीएमचा (जनरल मोटर्सचा, शेवर्लेच्या मूळ कंपनीचा) हा मीटर पूर्ण करंट स्वतःमधून नेत नाही, तारेच्या एका तुकड्यावरचा सूक्ष्म फरक मोजतो. नव्या हार्नेसमध्ये तारांची मांडणीच बदलते, त्यामुळे तो चुकीचं दाखवतो किंवा मेल्यासारखा पडून राहतो. व्होल्टमीटर लावा. त्याच काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत मात्र सगळा करंट डॅशमधल्या मीटरमधून जातो आणि तिथले सांधे जळतात. तिथे तो मीटर बाजूला काढणं हेच पहिलं काम.

कॉइल. मूळ गाडीत कॉइलला जाणारी तार रेझिस्टन्सची आहे. सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या स्विचच्या) ‘आर’ टर्मिनलवरून पिवळ्या तारेने पूर्ण व्होल्टेज मिळतं, नंतर कमी. सुधारित संचातली गुलाबी तार पूर्ण १२ व्होल्ट देते. एचईआय, म्हणजे जीएमच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या, डिस्ट्रिब्यूटरला तेच हवं. पण जुने पॉइंट्स (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे संपर्क) ठेवले असतील तर या तारेत १.३५ ते १.८ ओमचा बॅलास्ट रेझिस्टर घालावाच लागतो, नाहीतर पॉइंट्स लवकर जळतात. उलट चूकही होते: एचईआय लावून जुनी रेझिस्टन्सची तार ठेवली, की गाडी सुरू होते, आयडलला छान चालते आणि वेग वाढला की मिसफायर करते. मग लोक कार्ब्युरेटर उघडतात.

सेल्फच्या सोलेनॉइडवर ‘एस’ आणि ‘आर’ शेजारी-शेजारी आहेत. जांभळी तार ‘एस’ ला. नट हलक्या हातानेच आवळा, बोल्ट आतून फिरला की सोलेनॉइड गेला. गाडी ऑटोमॅटिक असेल तर जांभळी तार न्यूट्रल स्विचमधूनच न्यायची. तो स्विच वगळला तर गिअरमध्येही सेल्फ मारेल आणि गाडी गॅरेजच्या भिंतीवर जाईल.

वायपर, हॉर्न आणि आतला दिवा या तिन्ही ठिकाणी जीएमचा स्विच करंट देत नाही, अर्थ (पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट) देतो. वायपर मोटरला करंट कायम असतो आणि डॅशचा स्विच अर्थ पुरवतो. हे न कळून स्विचच्या तारांवर १२ व्होल्ट दिले तर मोटर जळते. आतल्या दिव्याला नारिंगी तारेने करंट, पांढरी तार दाराच्या स्विचला. फोर्डचा आराखडा वेगळा आहे, त्यामुळे मस्टँगचा सल्ला कॅमारोला लावू नका.

हेडलाइट. डिमर, म्हणजे लो-हाय बीम बदलणारा स्विच, पायाशी आहे: फिकी निळी आत, तपकिरी-पिवळसर लो बीम, फिकी हिरवी हाय बीम. एच-४ प्रकारचे ६० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब हाय बीमवर सुमारे ९.४ अँपिअर घेतात. १६ गेजची साडेचार मीटर तार या करंटला अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त खाते. स्विच, डिमर आणि अर्थचे सांधे मिळून घट सहज १.२ व्होल्टवर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो, म्हणजे दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीस टक्के उजेड जातो. म्हणून पुढे दोन रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवा: पिन ८६ ला डिमरकडून आलेली तार, ८५ ला अर्थ, ३० ला फ्यूजमधून आलेली १२ गेजची तार, ८७ वरून बल्ब. जुना स्विच मग नुसता रिले हलवतो. या स्विचच्या पोटात ब्रेकर आहे. रिले न लावता मोठे बल्ब टाकले तर तो तापून उघडझाप करतो आणि रात्री रस्त्यात दिवे लागतात-विझतात.

फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. १८ गेजला १० अँपिअर, १६ ला १५, १४ ला २०, १२ ला ३०. पंखा फ्यूज उडवतो म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नसतो, वायर जाड करायची असते. फ्यूजिबल लिंक, म्हणजे फ्यूजसारखा वितळणारा तारेचा तुकडा, ठेवणार असाल तर ती वायरपेक्षा चार गेज बारीक: १० गेजच्या तारेला १४ ची लिंक.

अर्थबद्दल संचातल्या कागदात दोन ओळी असतात, आणि निम्मे बिघाड तिथेच असतात. कॅमारोची पुढची सबफ्रेम बॉडीला रबरी माउंटवर टेकलेली आहे, इंजिनही रबरावर. म्हणजे इंजिन, सबफ्रेम आणि बॉडी एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी असू शकतात. बॅटरीची निगेटिव्ह जाड केबलने थेट इंजिन ब्लॉकला, तिथून वेणीची पट्टी फायरवॉलला, दुसरी सबफ्रेमला, आणि बॅटरीवरून एक तार रेडिएटर सपोर्टला. इंजिनाचा अर्थ विसरलात तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून परत जायला बघतो आणि केबल तापते. नवा रंग मारलेल्या गाडीत ही सगळी ठिकाणं खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. पावडर कोटिंगवर कितीही बोल्ट आवळा, अर्थ मिळत नाही. खरवडल्यावर दातेरी वॉशर, आणि वरून ग्रीसचा हात.

मागच्या दिव्यांचा अर्थ गेला तर लक्षण गमतीचं असतं: ब्रेक दाबला की साइडलाइट मंद होतात, इंडिकेटर लावला की दोन्ही बाजू हलके लुकलुकतात. करंट परतीची वाट दुसऱ्या फिलामेंटमधून शोधतो. पेट्रोलचा काटा फुल्लच्याही पुढे जाऊन थांबला तर टाकीतल्या पातळी मोजणाऱ्या सेंडरचा अर्थ तुटलाय किंवा सेंडरची वायर सुटलीय. या गाड्यांत ० ओम म्हणजे रिकामी, ९० म्हणजे भरलेली.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरीची केबल सरळ जोडू नका. सगळे फ्यूज काढा, दारं बंद करा, आणि बॅटरीची निगेटिव्ह व केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा एक बल्ब मालिकेत लावा. बल्ब झगझगीत पेटला तर शॉर्ट आहे आणि करंट बल्बच्या मर्यादेतच राहिल्याने वायर वाचली. विझलेला असेल तर एकेक फ्यूज घाला आणि दर वेळी बल्बकडे पाहा. सगळे फ्यूज घालूनही बल्ब विझलेला राहिला की तो काढून मल्टिमीटर लावा: सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी वाचन यायला हवं. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. मग एकजण सेल्फ मारेल आणि दुसरा इंजिन ब्लॉक व बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टमध्ये मोजेल, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पुन्हा अर्थकडे.

एलईडी बल्ब घालणार असाल तर इंडिकेटरचा फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घ्या. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापूनच चालतो, एलईडीवर तो मिचकतच नाही.

हेडरपासून तारा किमान साडेसात सेंटीमीटर लांब. सेल्फची केबल तेवढी लांब जात नाही, तिला उष्णतारोधक नळी घाला. फायरवॉलच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. आणि टेप सगळ्यात शेवटी, किमान एक रात्र दिवे लावून गाडी फिरवून आणल्यावर. बिनगोंदाची पीव्हीसी टेप घ्या, मूळ गाडीलाही तशीच होती. गोंदाची टेप दोन उन्हाळ्यांत वितळून हात बरबटवते, आणि पुढे कधी एखादी तार वाढवायची झाली तर ती उकलणाऱ्याला तुमची आठवण येईल.