जावा ८ वरून १७ : पीडीएफ का रुसतात

आजचा अख्खा दिवस जॅस्परच्या (पत्रं-अहवालांच्या पीडीएफ बनवणारी जावा लायब्ररी) रिपोर्ट सर्व्हरपाशी गेला. जावा ८ काढून १७ टाकलं की सर्व्हर निमूट सुरू होतो, पण पहिलं पत्र छापायला घेतलं की 'नो क्लास डेफ फाउंड', म्हणजे लागणारा क्लास सापडत नाही ही एरर. कारण साधं आहे. जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारी लायब्ररी) जावा ११ पासून जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचात, येतच नाही, ते वेगळं जोडावं लागतं. जुना कोड 'जावाएक्स' नावाची पॅकेजेस मागत असेल तर जॅक्सबीची २.३ मालिकाच घ्या. ३ किंवा ४ घेतलीत तर पॅकेजचं नाव 'जकार्ता' झालेलं असतं आणि तीच एरर परत. टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) ९ वरून १० वर जाताना सर्व्हलेटचंही (वेबवरच्या विनंत्या हाताळणारा जावा कोड) हेच होतं, म्हणून दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका.

खरी डोकेदुखी फॉन्टची. छाटलेल्या डॉकर इमेजमध्ये (सर्व्हर चालवायचं तयार पॅकेज, जादाचे भाग काढलेलं) फॉन्टकॉन्फिग, म्हणजे फॉन्ट शोधून देणारं साधन, नसतं, मग 'नल पॉइंटर' एरर येते आणि माणूस टेम्प्लेटमध्ये चूक शोधत बसतो. फॉन्टकॉन्फिग आणि नोटो देवनागरी फॉन्ट टाका, 'एफसी-लिस्ट' ही कमांड चालवून फॉन्ट दिसतोय का ते बघा. शिवाय जॅस्परला फॉन्ट एक्स्टेंशनची जार (फॉन्ट आत बांधलेली जावाची फाइल) लागतेच, नुसता सिस्टीममधला फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड होत नाही.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर आधी लोकेल (सिस्टीमची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) तपासा. ते सेट नसेल तर लिनक्सवर जावा १७ आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) धरतं. यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांचं एन्कोडिंग) हा डीफॉल्ट जावा १८ पासूनचा, तोवर 'फाइल डॉट एन्कोडिंग' स्वतः द्यायचं.