जाळीवर काच
जुलैचा पाऊस नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत धो धो कोसळत होता आणि आमच्या बॉयलरचं प्रेशर काही केल्या 6 किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर जाईना. एरवी ते 10 वर असतं. प्रॉडक्शनमधून फोनवर फोन, "वाफ कधी देताय? बॅच अडकलीय."

फायरमन तात्या ब्रिकेट, म्हणजे पिकांचा पालापाचोळा दाबून केलेले इंधनाचे ठोकळे, टाकत होते, पण नुसता काळा धूर. मी आयडी फॅनकडे, म्हणजे भट्टीतला धूर ओढून घेणाऱ्या पंख्याकडे, वळलो, तसे ते म्हणाले, "साहेब, हवेला वाटच नाही. आत बघा." खाली, जिच्यावर इंधन जळतं आणि जिच्यातून हवा येते त्या जाळीवर, चकाकता थर बसला होता. आग उतरवून, पारईने ठोकून एक तुकडा काढला. हिरवट-काळा, कडेला धारदार. काचच ती.

सगळ्यांनी पावसाला दोष दिला. ब्रिकेट ओली झाली की फुगते, भुगा होतो, आणि तिच्यातलं प्रत्येक किलो पाणी वाफ होताना सहाशेच्या वर किलोकॅलरी गिळतं, हे खरंच. पण ओलीने काच होत नाही. शेडमधल्या कोरड्या थप्पीतली एक मोडली, तर बोटांना रेती लागली. क्यूसीने, म्हणजे आमच्या गुणवत्ता तपासणी विभागाने, चुरा मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत, जाळला. पुरवठादाराच्या कागदावर राख 6 टक्के, क्रुसिबलमध्ये उरली 22, आणि रंग विटकरी.

शेतातली माती होती ती. सोयाबीनचा पाला यंत्राने ओढून गोळा केला की माती सोबत येते. पाल्यात पोटॅश, मातीत सिलिका, म्हणजे रेती, जिच्यापासून काच होते. पोटॅशमुळे सिलिका कमी तापमानालाच वितळते आणि जाळीची भोकं बुजवते.

फर्नेस ऑइल सोडून आम्ही ब्रिकेटवर आलो, याचा मला आजही आनंद आहे. शेतात पेटवून दिला जाणारा पाला इथे वाफ देतो, याहून चांगलं काय? पण किलोचा भाव बघून हा माल घेता येत नाही. एक किलो ऑइलमागे साधारण 13 किलो वाफ निघते, चांगल्या ब्रिकेटमागे चार-पाच. माती भरलेली असेल तर त्याहून कमी, वर बंद पडलेल्या बॅचचा खर्च.

आता ट्रक गेटवरच थांबतो. नमुना वरच्या थरातून नाही, मधून घेतो. ओल आणि राख ठरल्यापेक्षा जास्त भरली तर पैसे कापतो, फारच असेल तर ट्रक परत. खरेदी विभाग कुरकुरतो. गेट पासवर सही मात्र तात्यांनी नमुना मोडून बघितल्याशिवाय होत नाही.