धुंदी ते सोलंग: उतारावरचे बर्फ आणि गाडीतील सुरक्षा यंत्रणा

‘गाडीत एबीएस, ईएससी आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे, बर्फातही निर्धास्त जा,’ असे गाडी विकणाऱ्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. या तिन्ही यंत्रणा गाडी घसरू नये म्हणून ब्रेक आणि इंजिनाची ताकद आपोआप सांभाळतात. हे विधान निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे हिमाचलात मनालीजवळच्या अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडापासून, म्हणजे धुंदीपासून, सोलंगपर्यंतच्या उतारावर कळते. पुण्याहून मनालीपर्यंतच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे काही नाही आणि बोगद्यापलीकडचे सिस्सू सुंदर आहे, एवढे पुरे.

दिवसा उन्हाने वितळलेले पाणी सूर्य डोंगराआड जाताच रस्त्यावर गोठते. हा थर इतका पारदर्शक असतो की हेडलाइटच्या उजेडात रस्ता नुसता ओला भासतो. परतताना एका वळणावर ब्रेकवर हलका पाय ठेवताच पेडल थरथरू लागले (एबीएस कामाला लागल्याची ही खूण), डॅशबोर्डवरील घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकू लागला आणि गाडी वळली खरी, परंतु थांबली नाही. ती थांबली ती कडेच्या भुसभुशीत बर्फात चाके रुतल्यावर.

वळली, याचे श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवे. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, म्हणून स्टिअरिंग हाती राहते. ईएससी स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांची तुलना करून नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते. मात्र दोन्हींना काम करायला टायरची पकडच लागते आणि तीच बर्फावर उरत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगातील गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते, तर पकड एक सप्तमांश उरलेल्या बर्फावर तिला ६० मीटरही पुरत नाहीत. भुसभुशीत बर्फात तर एबीएसमुळे हे अंतर वाढूही शकते, कारण जाम झालेल्या चाकापुढे साचणारा बर्फाचा अडसर तयारच होत नाही.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा. पेडल थरथरले तर पाय उचलू नये आणि ब्रेक पंप करण्याचा, म्हणजे पुन्हापुन्हा दाबून सोडण्याचा, जुना सल्ला विसरावा. चाके रुतून जागीच फिरू लागली की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापते, तेव्हा बटण असल्यास ते तात्पुरते बंद करावे आणि गाडी निघताच पुन्हा चालू करावे.

चाकांच्या साखळ्या मनाली गावातच घ्याव्यात. वाटेवरच्या टपरीवाल्याने आमच्याकडून गावातल्या भाड्याच्या दुपटीहून अधिक पैसे उकळले आणि वर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना साखळ्या चढवू लागला! इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांनाच साखळी लागते, हे ठामपणे सांगावे. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली साध्या टायरचे रबर कडक होते आणि कायद्याला पुरणारी १.६ मिलिमीटर खोलीची नक्षीही येथे कुचकामी आहे.

ताज्या हिमवृष्टीनंतर पोलीस अनेकदा फोर बाय फोर (इंजिन चारही चाकांना फिरवते अशा) नसलेल्या गाड्या अडवतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नये. फोर बाय फोरवाल्यांनीही फुशारून जाऊ नये, कारण ती सोय चढायला मदत करते, ब्रेक लावताना चारही चाके सर्वांचीच सारखी घसरतात. दुपारी तीनच्या आत सोलंग गाठता येत नसेल, तर त्या दिवशी बोगद्यापलीकडे जाऊच नये.