आईची दाद

व्हिएन्ना, शनिवार. रात्रीचे पावणेबारा.

आई झोपली. पाय चेपून देते म्हटलं तर नको म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला मात्र झोप नाही. आज ऑपेरात मी तिला गप्प केलं. तिने काही म्हणून चुकीचं केलं नव्हतं, तरीही.

गेले तीन आठवडे ती इथे आहे. राजवाडे बघून झाले, बागा झाल्या, डॅन्यूब झाली. पण तिला खरी उत्सुकता ऑपेराची होती. सांगलीची बाई, वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. घरात पदं आधी आली आणि पाढे नंतर. "इथलं संगीत नाटक दाखव की गं एकदा," असं ती विमानतळावरून येतानाच म्हणाली होती. मी तिच्यासाठी खुर्चीचं तिकीट काढणार होते, पण मग मी उभ्यांच्या जागेत आणि ती भलतीकडे एकटी. ते तिला नको होतं. "आळंदी ते पंढरपूर दोनदा चाललेय मी. तीन तास उभं राहायला काय धाड भरलीय?"

स्टेट ऑपेरातली उभी जागा हे या शहराचं एक वेगळंच गाव आहे. बाजूच्या दारातून आत शिरायचं, तिकीट घ्यायचं, मग आपली जागा गाठून समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून टाकायचा. एकदा गाठ पडली की ती जागा तुमची. बाहेर जा, पाणी पिऊन या, कुणी हात लावणार नाही. आईने हे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, हे तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं!" तिने पर्समधून आपला सुती रुमाल काढला आणि दोन गाठी मारल्या. आम्हाला तळमजल्यावरची जागा मिळाली होती, मधल्या मोठ्या बॉक्सच्या अगदी खाली. जाणकार लोक हीच जागा पकडायला धावतात, कारण समोर रंगमंच सरळ दिसतो. वर्षानुवर्षं येणारी म्हातारी माणसं आमच्या आजूबाजूला होती. दोघांतिघांकडे जुन्या संहितेची पुस्तकं होती. कठड्यावर शब्द दाखवणारे छोटे पडदे आहेत, पण ती माणसं तिकडे बघतही नव्हती.

आज 'टोस्का' होतं. इटालियन संगीतकार पुच्चीनीचं, १४ जानेवारी १९०० ला रोममध्ये पहिल्यांदा झालेलं. मी आईला सांगितलं, आपल्या देवलांची 'शारदा' १८९९ ची, म्हणजे दोन्ही एका वर्षाच्या अंतराने आलेली. हे तिला फार आवडलं. इथे ज्या नेपथ्यात टोस्का होतं ते १९५८ चं आहे, कंडक्टर कारायान इथला प्रमुख होता त्या काळातलं. सहाशेहून जास्त प्रयोग झालेत त्याचे. इथल्या लोकांना ते चर्च, तो राजवाडा, तो किल्ल्याचा तट तसाच लागतो. आईचा जन्मही १९५८ चा. "बघ, टिकलोय ना दोघं," म्हणाली.

पहिला अंक तिने डोळे न मिटता पाहिला. शेवटी चर्चमध्ये मिरवणूक येते, घंटा, तोफांचे आवाज, सगळा कोरस देवाचं स्तोत्र गातोय आणि त्या सगळ्यावर तो पोलीसप्रमुख स्कार्पिया आपल्या मनातली घाण बोलून दाखवतोय. पडदा पडला तशी ती म्हणाली, "मेला देवळात उभा राहून काय काय बोलतोय!" मध्यंतरात आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. तिने फॉइलमध्ये गुंडाळून आणलेलं थालीपीठ काढलं. शेजारून रेशमी झगे सरसरत जात होते आणि ती शांतपणे तुकडे मोडून मला देत होती.

मग दुसरा अंक.

नायिका टोस्काच्या प्रियकराचा छळ झालाय, स्कार्पियाने तिच्यापुढे सौदा ठेवलाय, तू माझी हो तर त्याला सोडतो, आणि ती कोसळून देवालाच विचारते की मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग तू मला हे असं फळ का दिलंस. आजच्या गायिकेने सुरुवात इतक्या खालच्या आवाजात केली की लोक पुढे झुकले. मग तो वरचा सूर आला. तिने तो ताणला नाही, नुसता धरला, आणि तिथून बारीक करत करत खाली उतरली. गाणं अजून संपलेलं नव्हतं. शेवटचे शब्द बाकी होते.

आणि आई म्हणाली, "वा!"

मोठ्याने नाही. पण त्या शांततेत ते तीन-चार रांगा पुढे गेलं असणार. उजवा हात ती जसा बैठकीत उचलते तसा उचलून, मान किंचित हलवून, अगदी पोटातून. समोरचे एक गृहस्थ वळले. रागावून वगैरे नाही, फक्त वळून पाहिलं. आणि मी आईचा हात दाबला. चांगला जोरात. "श्श, आई!"

तिने हात खाली घेतला. गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, 'ब्रावा'च्या आरोळ्या उठल्या. आमच्याच मागून एक माणूस असा ओरडला की माझ्या कानात दडा बसला. आई दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी होती. आपल्या रुमालाच्या गाठीकडे बघत होती.

मला तेव्हाच कळलं होतं की मी काय केलं. तिने लहानपणापासून जी एक गोष्ट केली, सूर लागला की त्याच क्षणी ते गाणाऱ्याला कळवायचं, ती मी थांबवली. आणि का, तर एका अनोळखी माणसाने मान वळवली म्हणून.

मला वाईट याचंही वाटतंय की मला हे माहीत आहे. इथली ही शांतता काही आदिकाळापासूनची नाही. संगीतकार माहलर १८९७ ते १९०७ या ऑपेराचा प्रमुख होता. उशिरा येणाऱ्यांना दार बंद करणं, पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या टोळ्यांना हुसकणं, हे त्याने इथे लावलेलं वळण. त्याच्याआधी लोक बॉक्समध्ये गप्पा मारायचे, एकमेकांना भेटायला यायचे, आवडीचं गाणं आलं की ऐकायचे. आणि वन्समोअर? तो तर इथल्या मातीतलाच. मोत्सार्टच्या 'फिगारो' या ऑपेराचा पहिला प्रयोग इथेच झाला, १ मे १७८६ ला, जुन्या बुर्गथिएटरात. परवाच आई आणि मी ज्या मिखाएलर चौकात बसून कॉफी प्यायलो, तिथे ते नाट्यगृह होतं. पुढच्या प्रयोगांत लोकांनी इतके वन्समोअर घेतले की आठवडा-दहा दिवसांत सम्राट योसेफला हुकूम काढावा लागला: एकापेक्षा जास्त जणांनी म्हणायचं गाणं पुन्हा म्हणायचं नाही. आणि सहा वर्षांनी, १७९२ मध्ये, त्याच नाट्यगृहात चिमारोझा या इटालियन संगीतकाराची 'गुप्त विवाह' ही नवी ऑपेरा झाली, तेव्हा योसेफचा भाऊ लेओपोल्ड गादीवर होता. सांगतात की त्याला ती इतकी आवडली की त्याने सगळ्या नटांना जेवू घातलं आणि त्याच रात्री आख्खी ऑपेरा पुन्हा पहिल्यापासून करायला लावली. आख्ख्या नाटकाचा वन्समोअर! आपल्याकडे पहाटेपर्यंत चाललेल्या प्रयोगांच्या गोष्टी आजोबा सांगायचे, पण असं त्यांनीही ऐकलं नसेल.

हे सगळं मी आईला दुसऱ्या मध्यंतरात सांगितलं. खरं तर माफी मागायची होती, आणि मी इतिहास सांगत बसले. तिने ऐकलं सगळं. "हं," म्हणाली. मग मी मिलानचं सांगितलं. तिथल्या ला स्कालाच्या सगळ्यात वरच्या माळ्यावर बसणारे लोक कसे कडक आहेत, २००६ च्या डिसेंबरात 'आयदा'च्या प्रयोगात पहिल्याच गाण्यानंतर आलान्या नावाच्या मोठ्या गायकाची हुर्यो उडवली तसा तो तडक निघूनच गेला, आणि दुसरा गायक रोजच्या कपड्यांत पळत रंगमंचावर आला. "आणि तिकडे शिट्टी मारली की तो अपमान समजतात, आई. आपल्यासारखं नाही." यावर ती पहिल्यांदा बोलली. "आणि त्याच्यासमोर जी बाई उभी होती? तिने काय केलं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. इतकी वर्षं तो किस्सा मी लोकांना सांगतेय.

तिसरा अंक सुरू झाला. पहाट होत आलेली, लांबून मेंढपाळ पोराचं गाणं, रोमच्या घंटा. टोस्काच्या प्रियकराला, कावारादोस्सीला, तासाभरात गोळ्या घालणार आहेत. तो पत्र लिहायला बसतो आणि लिहिता येत नाही. क्लॅरिनेट आधी ते सूर वाजवतं, मग तो गातो, चांदण्या चमकत होत्या म्हणून. आजचा तरुण गायक फार मोठ्या आवाजाचा नव्हता, पण शेवटच्या ओळीला त्याने हुंदका आणला नाही, नुसतं गायला, त्यामुळे जास्तच लागलं. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. कंडक्टर हात वर धरून थांबला. वरून गॅलरीतून 'बिस!' अशी हाक आली, म्हणजे इथला वन्समोअर. मी आईकडे पाहिलं. गालावरून पाणी येत होतं तिच्या, पण टाळ्या वाजवत नव्हती. मला वाटलं माझ्यामुळे. मी हळूच म्हटलं, "आई, आता वाजव की, आता चालतं."

"तो मरायचाय गं आत्ता," ती म्हणाली. "टाळ्या कसल्या वाजवू?"

कंडक्टरने हात खाली आणला, पुढचं संगीत सुरू झालं, टोस्का धावत आली. मग पुढचं सगळं: स्कार्पियाने खोटे म्हणून सांगितलेले खरे बार, तिचं त्याला उठवायला जाणं, तटावरून उडी.

याच नाट्यगृहात, याच गाण्याला, २०१६ च्या एप्रिलमध्ये कॉफमान नावाच्या गायकाने वन्समोअर दिला होता. दुसऱ्यांदा गाणं झालं, वाद्यवृंद पुढे गेला, आणि टोस्का झालेली जॉर्जिउ आलीच नाही. तो एकटा उभा. शेवटी त्याने त्याच सुरांवर गाऊन सांगितलं की आमच्याकडे सोप्रानोच, म्हणजे गायिकाच, नाही. लोक हसले, प्रयोग थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियात, सोल शहरात, जॉर्जिउच्याच प्रयोगात दुसऱ्या गायकाने वन्समोअर दिला, तेव्हा ती चालू गाण्यात रंगमंचावर आली आणि तिने भर प्रयोगात नाराजी बोलून दाखवली. शेवटी अभिवादनाला आल्यावर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. मी तेव्हा पूर्णपणे प्रेक्षकांच्या बाजूने होते. लोकांनी पैसे मोजलेत, लोकांना पुन्हा ऐकायचंय, तर ही कोण अडवणार, असं मला वाटायचं. आज मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. प्रयोग अडवून सहकाऱ्याचा असा अपमान करायला नको होता, हे खरंच. पण त्या गाण्यानंतर टोस्काने धावत यायचं असतं, तिच्या हातात सुटकेचा कागद असतो, आणि तो माणूस पुन्हा मागे जाऊन तेच आठवत बसला तर ती कुणाकडे धावणार?

पडदा पडल्यावर आईने टाळ्या वाजवल्या. डोक्यावर हात नेऊन, थांबेचना. गायिका पडद्याबाहेर आली तेव्हा आसपासचे 'ब्रावा' ओरडत होते, तर आईने मला विचारलं, "सगळ्यांनी मिळून छान केलं तर काय म्हणायचं?" म्हटलं, "ब्रावी." तिने ते दोनदा म्हटलं, एकदा सवयीसाठी आणि एकदा खरं. इथे १९९१ मध्ये दोमिंगो या गायकाच्या 'ओथेल्लो'नंतर एक तास वीस मिनिटं टाळ्या चालल्या होत्या, एकशे एक वेळा लोकांनी त्याला बाहेर बोलावलं. आज आठ-दहा मिनिटंच झालं असेल, पण रुमाल सोडून निघणारे आम्ही शेवटचे.

ट्राममध्ये तिने आजोबांचं सांगितलं, मी कधी न ऐकलेलं. वन्समोअर आला की ते हात पट्ट्यांवरून काढायचे नाहीत, पायाने भाता चालूच ठेवायचे आणि नटाच्या चेहऱ्याकडे बघायचे. त्याला द्यायचाय की नाही ते तिथे कळायचं. एकदा 'शारदा'च्या प्रयोगात एका मुलाला, म्हणजे शारदेचं काम करणाऱ्या नटाला, तीन वेळा पुन्हा गायला लावलं. तिसऱ्या वेळी गाणं सगळ्यात सुरेख झालं. "आणि पुढचा संवाद पडला. आईशी बोलायचं होतं ना तिला, रडत. तर रडू येईना. बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत."

मी तेव्हा म्हटलं, "आई, मघाशी मी तुझा हात दाबला." ती खिडकीतून बाहेर बघत होती, रिंग रस्त्यावरचे दिवे मागे जात होते. "दुखला," म्हणाली. एवढंच. मग आपला हात माझ्या मांडीवर ठेवला आणि घर येईपर्यंत तिथेच राहू दिला.

आत्ता लिहिता लिहिता ऑपेराचं वेळापत्रक उघडून बघितलं. इथे रोज वेगळं असतं, त्यामुळे टोस्का पुन्हा गुरुवारी आहे, हीच गायिका. आईचं विमान शनिवारचं. मघाशी दिवा मालवायला गेले तर ती जागीच होती, भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, "परत आहे का गं ते कधी? त्याच जागेवरून?"