गोष्ट संपल्यावर वाघाचं काय झालं?

"म्हातारी सुखरूप घरी पोचली, गोष्ट संपली. मग 'पुढे काय?' विचारून मुलांच्या डोक्याला भुंगा कशाला लावता?" पालक मला नेहमी विचारतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. गोष्ट संपली की मी मुलांना 'पुढे काय झालं असेल?' असं विचारते. का, ते सांगते.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. ती वाघाला शब्द देते: लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग मला खा. येताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निसटते. आमची पोरं तिला कणकुंबीहून जांबोटीच्या वाटेनं खानापूरला आणतात. लेक मांडे करून घालते. पण भीमगडचं रान इथून जवळ, त्यामुळे वाघ त्यांना नुसता चित्रातला वाटत नाही. एकदा एक मुलगी कळवळून म्हणाली, "वाघ उपाशीच राहिला की ओ बाई!"

हीच मुलं कन्नडमधलं पुण्यकोटी गाईचं गाणंही ऐकत वाढतात. तीही वाघाला शब्द देते, वासराला दूध पाजून परत येते म्हणून. आणि खरंच येते. तिचा खरेपणा बघून वाघ तिला खात नाही, स्वतःच जीव देतो. पण आधी तो तिला सोडायला तयार नसतो. निसटलीस तर परत येशील कशावरून, म्हणतो. असं का म्हणाला असेल? दुसरीतल्या एकानं लगेच सांगितलं, "म्हातारीनं फसवलंय न्हवं त्याला!"

मराठी गोष्टीतला उपाशी वाघ चालत चालत कन्नड गाण्यात पोचला होता. दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या मुलालाच हे सुचावं. मग भांडण जुंपलं. जीव वाचवायला खोटं बोललं तर चालतं, असं निम्म्यांचं म्हणणं; बाकीच्यांना ते पटेना. मी निकाल दिला नाही. गोष्टीत जो मागे राहिला त्याच्या पोटाची काळजी मुलांना वाटली, ती मला धड्यापेक्षा मोलाची वाटते.

कावळ्याच्या बाबतीत मात्र दोन मतं नाहीत. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दारात भिजतोय आणि चिऊताई बाळाला तीट लावतेय! खानापूरचा पाऊस बघितलेली मुलं हे खपवून घेत नाहीत. त्यांच्या पुढच्या गोष्टीत चिऊताई माफी मागते आणि दोघं मिळून मेणाचं घर वाढवतात.

सध्या आम्ही 'सर आली धावून, मडके गेले वाहून' घेतलंय. मडकं अर्थातच खानापूरच्या मातीचं. ते मलप्रभा नदीत पडलं, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडकलं. दारं उघडली की कूडलसंगमला कृष्णेत जाईल. तिथून पुढे कुठं, ते वरच्या वर्गातल्या मुलांना नकाशात शोधायला सांगितलंय.